गावठी गुलाब म्हणजे नेमका कोणता?



दसरा सरला की इंदुरात गुलाबाचे दिवस सुरू होतात. पावसाळ्यात वेड्यावाकड्या वाढलेल्या फांद्या छाटायच्या, मुळाशी शेणखत घालायचे आणि दीड महिन्याने येणाऱ्या बहराची वाट पाहायची, हा क्रम आपल्या जुन्या मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर अशा वस्त्यांत अजूनही काही अंगणे शिल्लक आहेत आणि त्या अंगणांत गुलाब आहेत. पण "हा गुलाब कोणता?" असे विचारले, तर उत्तरे दोनच मिळतात. एक "गावठी", नाही तर दुसरे "कलमी". काही घरांत "देशी" आणि "इंग्लिश" म्हणतात, एवढाच काय तो फरक.

आमचे स्पष्ट मत असे आहे की हे उत्तर पुरेसे नाही. ज्या झाडाला नाव नाही, ते झाड घर पाडताना प्रथम जाते. आणि गुलाबाच्या बाबतीत गेलेले झाड पुन्हा येईलच, याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक घराने आपला गुलाब ओळखावा, ओळख पटली नाही तर तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे आणि त्याची एक काडी दुसऱ्या घरी द्यावी. या तीन गोष्टींसाठीच हा लेख आहे.

जुन्या नावांत दडलेली ओळख

आपल्या आजी-पणजींना वनस्पतिशास्त्र शिकवले गेले नव्हते. तरीही त्यांच्या काळच्या नावांत गुलाबाची ओळख सापडते. माळव्यात आणि राजस्थानात "चैती गुलाब" म्हणतात, तो चैत्राच्या सुमारास वर्षातून एकदाच फुलतो. पुष्करची गुलाबशेती याच फुलाची. हिंदीत "सदागुलाब" म्हणतात, तो बारा महिने थोडा थोडा फुलत राहतो. ही दोन नावे ऐकताच झाड कोणते, हे अर्धे कळते. "गावठी" या नावाने मात्र काहीच कळत नाही.

नावांचा घोटाळा कसा होतो, याचे उदाहरण तर आपल्या इंदुरी मराठी मुलांच्या रोजच्या बोलण्यातलेच आहे. मराठीत "शेवंती" म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या फुलांचे ते हिवाळी झाड, ज्याचे हार दसरा-दिवाळीला दाराला लागतात. जुन्या हिंदीत "सेवती" म्हणजे पांढरा गुलाब! घरात एक भाषा आणि शाळेबाहेर दुसरी, अशा आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवे. जुन्या हिंदी पुस्तकात "सेवती" वाचून ते शेवंती समजले, तर वाक्याचा अर्थच बदलतो.

"गुलाब" हा शब्ददेखील फारसीतून आलेला. "गुल" म्हणजे फूल आणि "आब" म्हणजे पाणी. मूळ फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला दिले आणि मग पाण्याला "गुलाबपाणी" म्हणू लागलो. संस्कृत निघंटूंत "शतपत्री", "तरुणी" ही नावे आढळतात. एवढी नावे असलेल्या फुलाला आज आपल्या घरात एकच नाव उरावे, हे बरे नाही.

गावठी एक नव्हे, अनेक

आपण ज्यांना सरसकट गावठी म्हणतो, त्यांत निदान तीन वेगवेगळी झाडे येतात.

पहिला म्हणजे दमास्क गुलाब, आपला चैती गुलाब. अत्तर, गुलाबपाणी आणि गुलकंद यांसाठी कन्नौज, हसायन, पुष्कर या भागांत लावतात तो हाच. याचे पान मऊ, बिनचमकीचे आणि मागच्या बाजूने किंचित लवदार असते. काटे पुष्कळ आणि लहान-मोठे मिसळलेले. फुलाच्या देठावर बारीक चिकट लव असते. बोटाने चोळली की बोटालाच सुगंध येतो. इ. स. २००० मध्ये जपानी संशोधकांनी या गुलाबाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच्या मुळाशी गुलाबाच्या तीन जाती असल्याचे दाखवले. त्यांपैकी एक मध्य आशियातील आहे. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावठी म्हणतो, तो स्वतःच दूरच्या मुलखांतून एकत्र आलेला आहे.

दुसरा म्हणजे चिनी गुलाब, जुन्या हिंदीतला सदागुलाब. याच्या फांद्या बारीक, काटे थोडे, पाने गुळगुळीत आणि टोकदार, कोवळी पालवी तांबूस. बहुतेक गुलाबांची फुले उन्हाने फिकी पडतात; याची मात्र उन्हात अधिक गडद होतात. सुगंध हलका. हे झाड अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोहोचले. चीनहून निघालेली जहाजे कलकत्त्याला थांबत, म्हणून युरोपात त्याला "बंगाल गुलाब" म्हणू लागले. आज जगभर जे बारमाही फुलणारे गुलाब आहेत, त्यांना हा गुण प्रामुख्याने या चिनी गुलाबाकडून मिळाला. यामागचे कारण २०१२ साली उलगडले. फुलण्यावर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक तुकडा उडी मारून बसला आणि तो लगाम सुटला. पुढे २०१८ मध्ये गुलाबाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, तोही याच कुळातल्या "ओल्ड ब्लश" या जुन्या गुलाबी वाणाचा.

तिसरा म्हणजे एडवर्ड. गोल वाटीसारखे गडद गुलाबी फूल, भरपूर सुगंध आणि वर्षातून अनेक बहर. दक्षिणेत हार-वेण्यांसाठी याची सुटी फुले बाजारात येतात. इंदुरात किंग एडवर्ड यांच्या नावाची जुनी वैद्यकीय शाळा होती, त्यामुळे हा गुलाबही त्या बादशहाच्याच नावाचा असेल, असे कुणालाही वाटेल. तसे नाही. हिंदी महासागरात रेयुनियाँ नावाचे बेट आहे; त्याला पूर्वी बूर्बों म्हणत. तिथे शेताच्या कुंपणाला चिनी आणि दमास्क असे दोन्ही गुलाब लावत. त्यांच्या संकरातून हे झाड आपोआप तयार झाले आणि १८१७ च्या सुमारास ते एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या नजरेला आले, असे मानले जाते. फ्रेंच "एदुआर"चा आपल्याकडे एडवर्ड झाला. म्हणजे वर सांगितलेल्या दोन गावठी गुलाबांचे हे तिसरे अपत्यच!

खुंटाने घेतलेली जागा

या तिघांशिवाय चौथी एक गोष्ट अंगणात असते, ती म्हणजे खुंट. रोपवाटिकेतून आणलेला बहुतेक गुलाब डोळा भरून तयार केलेला असतो. खाली मुळे एका दणकट गुलाबाची, आणि त्यावर डोळा आपल्याला हव्या त्या वाणाचा. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानी भागात खुंटासाठी बहुधा इंडिका ओडोराटा हा गुलाब वापरतात. पूर्वेकडे आणि बंगळूरच्या बाजूला मल्टिफ्लोरा. एडवर्डही खुंट म्हणून वापरला जातो.

आता एखाद्या उन्हाळ्यात वरचा वाण मरतो. खुंट मरत नाही. त्याच्या मुळातून धुमारे फुटतात, जोमाने वाढतात, आणि दोन वर्षांनी घरातली मंडळी सांगतात, "आमचा लाल गुलाब गावठी झाला." गुलाब असा बदलत नाही. लाल गुलाब गेला, आणि त्याला आधार देणारा उरला. आपल्या वस्त्यांतले काही "गावठी" गुलाब हे असे उरलेले खुंटच असण्याचा पुष्कळ संभव आहे.

धुमारा ओळखण्याची खात्रीची खूण एकच. बुंध्याजवळची माती थोडी बाजूला करावी. जिथे डोळा भरला होता तिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो. कोंब त्याच्या खालून आला असेल तर तो खुंटाचा. "पाच पानांचा तो आपला आणि सात पानांचा तो जंगली" असे पुष्कळ माळी सांगतात, पण त्यावर विसंबू नये, कारण अनेक चांगल्या वाणांनाही सात पर्णिका येतात. असा धुमारा वरवर कापला तर आणखी जोमाने फुटतो. तो मुळापासून ओढून काढावा लागतो.

फुलावरून नव्हे, झाडावरून

हल्ली मोबाइलवर फुलाचे छायाचित्र काढले की नाव सांगणाऱ्या सोयी आल्या आहेत. त्या गुलाब आहे की जास्वंद, एवढे सांगायला ठीक. पण गुलाबाचे वाण हजारोंनी आहेत आणि त्यांत गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचे फूल देणारे शेकडो. एका चित्रावरून आलेले नाव पाटीवर लिहिणे म्हणजे अंदाजाने जन्मतारीख भरण्यासारखे आहे. एकदा लिहिलेले चुकीचे नाव पुढे कुणी तपासत नाही. त्यापेक्षा "माहीत नाही" ही नोंद बरी. त्या नोंदीमुळे पुढचा माणूस निदान शोध तरी घेतो.

मग पाहायचे काय? आमचा आग्रह आहे की मुलांनी वही घेऊन झाडासमोर बसावे आणि पुढील गोष्टी लिहाव्यात.

एक, फुलण्याचा काळ. वर्षातून एकदा की पुन्हा पुन्हा? हे कळायला एक वर्ष लागते, आणि लागू द्यावे.

दोन, काटे. वाकडे की सरळ, सारखे की लहान-मोठे, दाट की विरळ? येथे एक शास्त्रीय गंमतही आहे. लिंबाचा काटा फांदीचे रूपांतर असतो, तो सहज तुटत नाही. गुलाबाचा काटा फक्त सालीचा असतो, अंगठ्याने बाजूला दाबला की निखळतो.

तीन, पान. पर्णिका किती, चमक आहे की नाही, मागे लव आहे की नाही. पानाच्या देठाच्या मुळाशी दोन बाजूंना चिकटलेली लहान पाती असते; मराठीत उपपर्ण आणि हिंदीत अनुपर्ण. मल्टिफ्लोराच्या उपपर्णाला झालरीसारख्या बारीक दशा असतात. एवढ्या एका खुणेवरून पुष्कळदा खुंट पकडता येतो.

चार, कळीला बाहेरून झाकणारी पाच हिरवी दले. मराठी पुस्तकात निदल, हिंदीत बाह्यदल. ज्या जुन्या गुलाबांच्या निदलांना झालर असते, त्यांत एक मजा दिसते. पाचांपैकी दोघांना दोन्ही कडांना झालर, दोघांना मुळीच नाही आणि पाचव्याला एकाच बाजूला! युरोपात यावर पाच भावांचे एक जुने कोडेही आहे. कारण अगदी सोपे आहे. कळीत ही दले एकमेकांवर चढलेली असतात. जी कड बाहेर राहते तिला झालर, जी आत दबते ती साधी. मुलांनी हे स्वतः मोजून पाहावे.

पाच, सुगंध. सकाळी पाहावा. दुपारच्या उन्हात तो उडून जातो.

सहा, आणि ही सर्वांत महत्त्वाची, झाडाची हकीकत. कोणत्या साली लावले, कुठून आणले, कुणी दिले. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांजवळच आहे, आणि त्यांना आजच विचारायला हवी.

बी नव्हे, फांदी

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? झाड गेले तर दुसरे लावू. येथेच गुलाबाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

बागेतला गुलाब बियांपासून जसाच्या तसा येत नाही. बी लावले तर प्रत्येक रोप निराळे निघते. त्यामुळे एखादा वाण टिकतो तो फक्त फांदीतून. काडी लावून, दाब कलम करून, नाही तर डोळा भरून. याचा अर्थ असा की एका वाणाची जगातली सगळी झाडे ही खरे तर त्या पहिल्या झाडाचेच तुकडे आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या एडवर्डची फांदी हातातून हातात येत आपल्या अंगणापर्यंत पोहोचली. मधल्या सगळ्या हातांनी ती पुढे दिली, म्हणून पोहोचली. आणि ज्या वाणाची शेवटची फांदी कुणी पुढे दिली नाही, तो वाण कितीही सुंदर असला तरी संपला.

आज आपल्या जुन्या वस्त्यांत घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. आम्ही त्याला दोष देत नाही. वाढत्या कुटुंबांना जागा हवी, आणि जुन्या घरांच्या भिंती जन्मभर पुरत नाहीत. पण घर रिकामे करताना देवघर, पितळी भांडी, जुने फोटो काळजीपूर्वक बांधले जातात आणि अंगणातला गुलाब तेवढा मलब्याबरोबर जातो. लालबाग राजवाड्याच्या आवारातील गुलाबबाग एके काळी प्रसिद्ध होती. राजवाडा आजही आपण मुलांना दाखवतो. त्या बागेत कोणकोणते गुलाब होते, हे मुलांना सांगता येईल का?

इतरांनी काय केले

हे काम राजेमहाराजांचे किंवा सरकारचेच आहे, असे नाही. अटलांटिक महासागरात बर्म्युडा नावाचे चिमुकले बेट आहे. तिथे १९५४ साली गुलाबप्रेमींची संस्था स्थापन झाली. बेटावरच्या जुन्या बागांत त्यांना असे अनेक गुलाब सापडले, ज्यांची मूळ नावे कुणालाच माहीत नव्हती. त्यांनी काल्पनिक भारदस्त नावे चिकटवली नाहीत. त्यांना "गूढ गुलाब" म्हटले आणि ओळख पटेपर्यंत तात्पुरते नाव दिले. एक "स्मिथ्स पॅरिश", म्हणजे तो ज्या भागात सापडला त्या भागाचे नाव. दुसरा "स्पाइस", त्याच्या मिरीसारख्या वासावरून. अमेरिकेत टेक्सासमधल्या हौशी मंडळींनीही जुनी दफनभूमी, ओसाड घरे, रस्त्याच्या कडा धुंडाळून असेच गुलाब वाचवले आणि त्यांना गावांची नावे दिली. जर्मनीतील सांगरहाउझेन येथे तर १९०३ पासून गुलाबांचा संग्रह उभा आहे आणि आज त्यात आठ हजारांहून अधिक वाण सांभाळलेले आहेत.

आपल्या देशातही आदर्श आहेत. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे थोर संशोधक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे १९६५ मधील पहिले महासंचालक. गहू हे त्यांचे काम होते आणि गुलाब हा छंद. पण छंदही त्यांनी शास्त्रीय शिस्तीने केला. त्यांचा "द रोझ इन इंडिया" हा ग्रंथ १९६६ साली निघाला. त्यांनी तयार केलेल्या एका शुभ्र गुलाबाचे नाव "डॉ. होमी भाभा" आहे. १९६६ मध्ये विमान अपघातात गेलेल्या त्या शास्त्रज्ञाची आठवण त्या नावामुळे बागेतही राहिली. दिल्लीच्या पुसा संस्थेने तयार केलेला तपकिरी छटेचा "मोहिनी", भोपाळचे शासकीय गुलाब उद्यान, १९६७ मध्ये सुरू झालेली चंदीगडची गुलाबबाग, १९९५ मधली उटीची गुलाबबाग, ही सगळी पाट्यांची, नोंदींची परंपरा आहे. पाटी वाचून झाड ओळखायची सवय मुलांना तिथे लागते. सहलीला गेल्यावर नुसते फोटो न काढता पाट्या उतरवून घ्याव्यात, असे आम्ही सुचवतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की गुलाब हे श्रीमंतांचे फूल. पदवीच्या वर्गात हिंदी साहित्य शिकताना आम्ही निरालांची "कुकुरमुत्ता" ही कविता वाचली. तिच्यात घाणीत उगवलेले कुकुरमुत्ता नवाबाच्या बागेतल्या गुलाबाला फैलावर घेते. दुसऱ्यांच्या कष्टांवर पोसलेला म्हणून त्याची हजेरी घेते. तो राग खोटा नव्हता. पण आज आपण ज्या गुलाबाबद्दल बोलतो आहोत, तो नवाबाचा नाही. तो चार फुटांच्या अंगणातला, धुण्याच्या पाण्यावर वाढलेला, सकाळी देवाला एक फूल देणारा गुलाब आहे. कुणाच्या आईने माहेरून काडी आणून लावलेला आहे. त्याला एक पैसा लागलेला नाही. उलट पैसा लागतो तो बाजारच्या गुलाबाला. पुणे-नाशिक भागात मोकळ्या शेतात वाढणारा "ग्लॅडिएटर" काय किंवा हरितगृहातला "ताजमहाल" काय, ते व्यापाराचे गुलाब आहेत आणि शेतकऱ्याच्या पोटाचे साधन आहेत. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. फक्त त्यांच्यावर फवारणी झालेली असते, म्हणून पुष्पगुच्छातल्या पाकळ्यांचा गुलकंद कुणी करू नये. गुलकंद घरच्या, न फवारलेल्या चैती गुलाबाचा किंवा एडवर्डचाच करावा.

दुसरा आक्षेप पालकांचा. "याचे परीक्षेत किती गुण मिळणार?" थेट गुण मिळणार नाहीत. पण निदल आणि उपपर्ण हाताने चाचपून पाहिलेला मुलगा ते पुन्हा विसरत नाही. "मी पाहिले" आणि "मला वाटते" यांतला फरक त्याला कळू लागतो. आणि आजीला प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने तो तिच्याशी अर्धा तास मराठीत बोलतो. या शेवटच्या गोष्टीची किंमत आम्ही आपल्या शाळेत रोज जाणतो. घरातले शब्दही याच गुलाबासारखे असतात. पुढच्या हातात दिले तरच उरतात.

वाचवायचे कसे

आता कृतीकडे वळू. काडी लावण्यासाठी छाटणीनंतरचे दिवस, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, चांगले. नुकतेच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. सहा ते आठ इंचांचा तुकडा कापावा, त्यावर चार-पाच डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, किंचित तिरपा. खालची पाने काढून टाकावीत. वाळू आणि पोयटा माती समभाग घेऊन कुंडी भरावी आणि काडी अर्ध्याहून थोडी जास्त आत जाईल अशी रोवावी. कुंडी सावलीत ठेवावी. माती ओलसर असावी, चिखल नसावा. काडी हलवून "मूळ धरले का?" हे पाहण्याचा मोह टाळावा. एक ते दोन महिन्यांत मुळे फुटतात. चिनी गुलाब आणि एडवर्ड सहज लागतात. कलमी वाण, त्यातही पिवळे, काडीने कठीण. त्यांना जाणत्या माळ्याकडून डोळा भरून घ्यावा.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत गुलाब मरतो तो बहुधा पाणी साचून. म्हणून दोन फूट खोल खड्डा घ्यावा, तळाशी विटांचे तुकडे घालावेत, काळ्या मातीत वाळू किंवा मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि क्यारी जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी. दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन हवे. छाटणीनंतर फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत आली, तर निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून कापलेल्या टोकाला बुरशीनाशक लावावे. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुसून घ्यावी.

घर पाडले जाणार असेल, तर तीन महिने आधी काड्या काढाव्यात आणि तीन वेगळ्या घरी द्याव्यात. एकाच घरी तीन कुंड्या ठेवल्या तर एका सुट्टीच्या गावाला जाण्यात तिन्ही जातात. तीन घरांत एक तरी जगते.

आणि प्रत्येक कुंडीला पाटी. नाव खात्रीने माहीत असेल तर तेच लिहावे. नसेल तर बर्म्युडाच्या मंडळींप्रमाणे जागेचे आणि रंगाचे नाव द्यावे, "रामबागेचा गुलाबी" किंवा "नारायणबागेचा चैती" असे, आणि ते अवतरणचिन्हांत लिहावे. अवतरणचिन्हांचा अर्थ एवढाच की हे नाव तात्पुरते आहे, शोध चालू आहे. एकाच गुलाबाला अनेक नावे असू शकतात, याचेही भान असावे. "पीस" म्हणून २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेत जाहीर झालेला सुप्रसिद्ध पिवळा-गुलाबी गुलाब फ्रान्समध्ये "मादाम ए. मेयाँ", जर्मनीत "ग्लोरिया डेई" आणि इटलीत "जोया" आहे. नाव वेगळे दिसले म्हणून झाड वेगळेच असेल, असे नाही.

आमची विनंती

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही एक जाड नोंदवही ठेवत आहोत. सहावी ते नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या एका गुलाबाचे वर सांगितलेले सहा मुद्दे त्यात लिहावेत, आणि पान-काटा-कळी यांची चित्रे स्वतःच्या हाताने काढावीत. छायाचित्र चिकटवले तरी चालेल, पण चित्र हवेच, कारण चित्र काढताना डोळा थांबतो. ज्यांच्याकडे झाड नाही, त्यांनी शेजारच्या आजी-आजोबांकडे जावे. हिंदीत लिहिले तरी चालेल. झाडाची जी नावे घरात म्हणतात ती मात्र जशीच्या तशी लिहावीत.

शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत सकाळपासून ऊन असते. तिथली क्यारी आम्ही या कामासाठी राखून ठेवली आहे. ज्या घरांत बांधकाम निघणार आहे, त्या पालकांनी आधी एक निरोप द्यावा. माळीबुवा आणि दोन विद्यार्थी येऊन काड्या घेऊन जातील. नवे घर झाले की पाटीसह तयार रोप परत मिळेल, आणि त्याचे एक झाड शाळेत राहील.

यंदाची छाटणी सुरू होण्यापूर्वी कापलेल्या फांद्या कचऱ्यात टाकू नका, एवढेच सांगणे. त्यांतल्या तीन चांगल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मुलांबरोबर शाळेत पाठवा. सोबत एका कागदावर झाड कुणी आणि केव्हा लावले, ते लिहा.